घरच्या घरी डीएसपी बोर्ड: आधी वीज, मग आवाज

ठाण्यात नौपाड्यातला आमचा हॉल दहा बाय बारा फुटांचा. वय झालं तशी बाबांची एकच तक्रार सुरू झाली: "टीव्हीवरचा माणूस घुमतो रे." आवाज वाढवला की घुमणं वाढायचं, शब्द मात्र होते तेवढेच अस्पष्ट राहायचे. गडकरी रंगायतनला शेवटच्या रांगेत बसून नाटकातला शब्द न शब्द टिपणारा माणूस घरच्या टीव्हीसमोर कपाळाला आठ्या घालून बसलेला बघवत नव्हता. त्या घुमण्याचं कारण शोधायला निघालो आणि शेवटी स्वतः डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे आवाजाचे आकडे करून त्यात हवा तो बदल करणारी चिप) बोर्ड बांधला. तो कसा बांधायचा, हे इथे पहिल्यापासून सांगतो. वायरिंगला वेळ देणार असाल आणि मल्टिमीटर हाताळता येत असेल, तर तुम्हालाही हे जमेल.

आधी ते घुमणं समजून घेऊ, कारण बोर्डकडून काय करून घ्यायचं हे त्यावरच ठरतं. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट अडकून बसते तिची कंपनसंख्या ३४३ भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे ४७ हर्ट्झ. तिच्या दुपटीला, ९४ हर्ट्झला, खोली पुन्हा तशीच घुमते. दहा फुटांच्या बाजूने हेच आकडे ५६ आणि ११२ येतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे ९४ आणि ११२ हे दोन्ही आकडे थेट निवेदकाच्या आवाजात येऊन बसतात. बेसचं बटण कमी केलं तर सगळाच खालचा भाग जातो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. आपल्याला फक्त हे दोन उंचवटे खाली दाबायचे आहेत. ते काम डिजिटल सिग्नल प्रोसेसर नेमकं करतो.

चिप कोणती

मी अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसची एडीएयू१७०१ वापरली. पहिल्या बोर्डसाठी आजही हीच सुचवेन. आत दोन एडीसी (आवाजाचे आकडे करणारे) आणि चार डीएसी (आकड्यांचा परत आवाज करणारे) आहेत. म्हणजे स्टिरिओ आत येतो आणि बाहेर जाताना डावा-उजवा वूफर (खालचे स्वर) आणि डावा-उजवा ट्वीटर (वरचे स्वर) अशा चार वाटा मिळतात. टू-वे स्पीकरला हे मोजून पुरतं. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, दर नमुन्यामागे १०२४ सूचना चालवता येतात. आपल्या घरगुती कामाला त्यातला थोडाच भाग लागतो. प्रोग्रॅम लिहायला कोडिंग येण्याची गरज नाही. सिग्मास्टुडिओ हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्यात ठोकळे जोडून काम होतं. बाजारात याच चिपचे तयार छोटे बोर्डही मिळतात. ४८ पिनांची चिप डाकायची भीती वाटत असेल तर तो घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण पुढचा विजेचा भाग तयार बोर्डवाल्यांनीही जसाच्या तसा करावा. तयार बोर्ड आणून कुठला तरी मोबाइल चार्जर लावला, की चांगल्या चिपचा आवाजही कचऱ्यात जातो.

सामानासाठी लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला उतरायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, बोलण्यात मात्र सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. यादी कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक भागापुढे पॅकेज (भागाचा आकार) आणि व्होल्टही लिहा. "बावीस मायक्रोचा टँटलम द्या" म्हटलं की काउंटरवरचे काका "कितने व्होल्ट का?" विचारतात. तेव्हा आठवायला लागू नये. माझ्या यादीत १२.२८८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, २४एलसी२५६ ईईप्रॉम (प्रोग्रॅम साठवायची मेमरी), एएमएस१११७ रेग्युलेटर ३.३ व्होल्टवाला, एलएम२५९६ चं तयार मॉड्यूल, १० मायक्रोहेन्रीचं कॉइल, १०० नॅनोफॅरडचे मूठभर कपॅसिटर आणि एक बरा पीएनपी ट्रान्झिस्टर होता. प्रोग्रॅमरसाठी सीवाय७सी६८०१३ए चा छोटा यूएसबी बोर्ड घ्या. त्यात फ्रीयूएसबीआय हे फर्मवेअर टाकलं की सिग्मास्टुडिओ त्याला ओळखतो.

वीज

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. इथे घाई करू नका.

आपला अँप्लिफायर २४ व्होल्टवर चालणार आणि डीएसपीला हवेत ३.३. वाटतं की रेग्युलेटर लावला की झालं. पण २४ मधून थेट ३.३ केले तर मधले २०.७ व्होल्ट रेग्युलेटरला उष्णता म्हणून जाळावे लागतात. ०.१५ अँपिअर धरले तरी ते ३ वॉटच्या वर जातं. बोटाच्या पेराएवढ्या चिपला ते झेपत नाही. म्हणून दोन टप्पे करायचे. आधी एलएम२५९६ ने २४ चे ५ करायचे आणि मग एएमएस१११७ ने ५ चे ३.३. दुसऱ्या टप्प्यात फक्त १.७ व्होल्ट जळतात, म्हणजे पाव वॉट. चिप कोमट होते, बस.

एलएम२५९६ ही स्विचिंग पद्धतीची चिप आहे. ती सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होते आणि तिची खरखर ५ व्होल्टवर बसलेली असते. ती खरखर पुढचा रेग्युलेटर गाळेल अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. साधा रेग्युलेटर ५० किंवा १०० हर्ट्झची लहर छान दाबतो, पण दीड लाख हर्ट्झला त्याचा वेग कमी पडतो. म्हणून मध्ये १० मायक्रोहेन्रीचं कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. या जोडीची गाळण सुमारे २.३ किलोहर्ट्झपासून सुरू होते, त्यामुळे दीड लाखाला फार थोडं पलीकडे जातं. चार-पाच रुपयांच्या कॉइलचा एवढा उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

आता एक ताकीद. एलएम२५९६ च्या मॉड्यूलवर निळा चौकोनी प्रीसेट (व्होल्टेज ठरवायचा स्क्रू) असतो आणि मॉड्यूल हातात येतं तेव्हा तो कुठेही फिरवलेला असू शकतो. माझा पहिला बोर्ड याच कारणाने गेला. मॉड्यूल लावलं, स्विच दिला, रेग्युलेटरमधून बारीक "टक्" असा आवाज आला आणि जळक्या बेकलाइटसारखा वास सुटला. मीटर लावला तर ५ च्या जागी १७ व्होल्ट. एएमएस१११७ ची मर्यादा १५ ची. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला आणि मागची डीएसपी चिपही गेली. म्हणून मॉड्यूल एकटं टेबलावर ठेवा, २४ व्होल्ट द्या, मीटर लावून प्रीसेट फिरवा. दहा-पंधरा फेऱ्या आकडा हलणारही नाही, तरी फिरवत राहा. बरोबर ५.० आले की प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका. मगच पुढे जोडा.

एएमएस१११७ चीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा मोठा पत्रा ग्राउंड नाही, आउटपुट आहे. डब्याला किंवा ग्राउंडच्या तांब्याला तो टेकला की ३.३ थेट शॉर्ट. आणि तिच्या आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर लावा. अगदी कमी रोधाचा सिरॅमिक एकटा लावला तर ती डोलायला लागू शकते, म्हणजे व्होल्टेज स्थिर न राहता वरखाली होतं.

चिपच्या गाभ्याला १.८ व्होल्ट हवेत. त्यासाठी वेगळा रेग्युलेटर घ्यावा लागत नाही. एडीएयू१७०१ च्या आतच त्याची सोय आहे, फक्त बाहेर एक पीएनपी ट्रान्झिस्टर लागतो. एमिटर ३.३ ला, बेस व्हीड्राइव्ह पिनला, कलेक्टर १.८ च्या पिनांना, आणि बेस-एमिटरच्या मध्ये १ किलोओहम. प्रत्येक पॉवर पिनच्या अगदी शेजारी १०० नॅनोफॅरड लावा. शेजारी म्हणजे दोन-तीन मिलिमीटरवर. बोर्डच्या कोपऱ्यात सोयीची जागा दिसली म्हणून तिथे लावलेला कपॅसिटर कामाचा नाही.

ग्राउंडचं गणित

लोक चिपच्या किमतीवर तासभर चर्चा करतात आणि ग्राउंडची वायर हाताला येईल ती लावतात. आकड्यात बघा. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०३५ ओहम रोध देते, म्हणजे अर्ध्या मीटरला ०.०१८. ढोल वाजला आणि अँप्लिफायरने त्या वायरमधून ३ अँपिअर ओढले, की वायरच्या दोन टोकांत ५४ मिलिव्होल्टचा फरक पडला. डीएसपीचा पूर्ण आवाजाचा सिग्नल ९०० मिलिव्होल्टचा. तुमच्या डीएसपीचं ग्राउंडही त्याच वायरवर असेल तर सिग्नलच्या ६ टक्के कचरा तुम्ही स्वतःच्या हाताने त्यात मिसळलात. ऐकताना तो बेसबरोबर गुरगुरतो आणि माणूस चिपला दोष देत बसतो.

म्हणून सगळी ग्राउंड एकाच बिंदूवर आणा. तो बिंदू अडॅप्टरच्या जॅकशेजारच्या मोठ्या कपॅसिटरचं ऋण टोक. तिथून अँप्लिफायरला एक जाड वायर आणि एलएम२५९६ ला दुसरी वायर. दोघांची वाट कुठेही सामाईक नको. सर्किट बोर्ड दोन थरांचा करा आणि खालचा थर पूर्ण ग्राउंडसाठी ठेवा. चिपच्या खाली त्याला चीर पडू देऊ नका. एखादी लाइन तिथून न्यावी लागत असेल तर वरच्या थरावर जंपर घाला, पण खालचं तांबं कापू नका.

चिप डाकणं

फेरिक क्लोराइडमध्ये घरी बोर्ड काढण्याची हौस मलाही होती. पण या चिपच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर आहे. कीकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखून बोर्ड बाहेरून बनवून घ्या, त्यावर हिरवा सोल्डर मास्क असतो आणि निम्मं काम तोच करतो.

चिप बसवण्याआधी विजेचे भाग तपासून घ्या, ते कसं हे पुढे सांगतो. मग पंखा बंद करा, दिवा जवळ ओढा. चारही बाजूंच्या पॅडवर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी राळ) सढळ हाताने लावा. चिपवरचा बारीक ठिपका म्हणजे पिन १. तो बोर्डवरच्या खुणेशी जुळवा. चिमट्याने चिप सरकवत सरकवत चारही बाजूंच्या पिना पॅडच्या मधोमध आल्या की एका कोपऱ्याची एक पिन डाका. पुन्हा बघा. समोरच्या बाजूची पिन एका केसाने जरी सरकली असेल तरी ती एक पिन गरम करून चिप परत जुळवा. बरोबर बसली की तिरप्या समोरच्या कोपऱ्याची पिन. मग सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर थोडं सोल्डर घ्या आणि पिनांच्या रांगेवरून हळूच ओढत न्या. फ्लक्स उकळतो, धूर येतो आणि सोल्डर प्रत्येक पिनला पकडून आपसूक वेगळं होतं. हे पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा मी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो. दोन पिना चिकटल्याच तर घाबरू नका. पुन्हा फ्लक्स लावा, तांब्याची जाळीपट्टी ठेवून वरून गरम करा, जास्तीचं सोल्डर ती शोषून घेते. शेवटी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून चारही बाजूंचे फोटो काढा. दोन पिनांना जोडणारा, डोळ्याला न दिसलेला सोल्डरचा पूल फोटोत दिसतो.

आणि बोर्ड धुवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, दोन वेळा. ठाण्याच्या पावसाळ्यात हे टाळू नका. फ्लक्सच्या राळेचा चिकटपणा हवेतला ओलावा धरतो आणि ऑगस्टमध्ये इनपुटच्या पिनांमधून बारीक गळती सुरू होते. मे महिन्यात स्वच्छ वाजणारा बोर्ड श्रावणात किरकिरतो तो बहुतेक वेळा यामुळे.

बाकीचे भाग पटकन सांगतो. पीएलएलच्या (क्रिस्टलवरून चिपचं आतलं घड्याळ बनवणाऱ्या भागाच्या) पिनला ४७५ ओहम, ५६ नॅनोफॅरड आणि ३.३ नॅनोफॅरड, डेटाशीटमध्ये आकृती आहे तशीच. क्रिस्टलच्या दोन्ही पायांना २२ पिकोफॅरड. १२.२८८ मेगाहर्ट्झ म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या २५६ पट, पीएलएल मोडच्या दोन पिना त्या हिशोबाने बांधा. एडीसीच्या पिना व्होल्टेज न मोजता प्रवाह मोजतात, १०० मायक्रोअँपिअरला त्या भरतात. आत २ किलोओहम असतोच. बाहेर १८ किलोओहम लावला की २ व्होल्टला इनपुट भरतो, ८.२ लावला की साधारण १ व्होल्टला. टीव्हीच्या हेडफोन जॅकसाठी मी ८.२ लावला. हा रोध पिनच्या शेजारी ठेवा, जॅकच्या शेजारी नको, आणि त्याच्याआधी १० मायक्रोफॅरड मालिकेत लावा, कारण पिनवर १.५ व्होल्ट डीसी बसलेला असतो.

पहिल्यांदा वीज देताना

सगळं जोडून एकदम स्विच देऊ नका. मी बोर्डवर आधी फक्त विजेचे भाग बसवतो. ३.३ च्या रेषेला ३३ ओहमचा एक वॉटचा रोध लावतो. त्यातून १०० मिलिअँपिअर जातात, म्हणजे साधारण चिप ओढेल तेवढेच. अर्धा तास तसंच ठेवतो. ५.० आणि ३.३ हलले नाहीत, कशाला चटका बसला नाही, की मगच चिप डाकतो.

चिप बसल्यावर वीज देण्याआधी कंटिन्युइटीच्या बीपने तीन जागा तपासा: ३.३ आणि ग्राउंड, १.८ आणि ग्राउंड, ३.३ आणि १.८. एकही बीप येता कामा नये. मग ५ व्होल्टच्या वाटेत मीटर प्रवाह मोजायला लावा आणि स्विच द्या. आकडा १०० मिलिअँपिअरच्या आसपास असेल तर ठीक. २०० च्या पुढे गेला तर तात्काळ बंद करा आणि फोटो पुन्हा तपासा. आकडा बरा असेल तर १.८ मोजा, मग सीएम (अ‍ॅनालॉग भागाच्या संदर्भ व्होल्टेजची) पिन मोजा. तिथे १.५ व्होल्ट मिळाले म्हणजे चिपचा अ‍ॅनालॉग भाग जागा झाला.

रीसेटच्या पिनकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावून ती हळू वर आणली की वीज स्थिर झाल्यावर चिप सुरू होते, इथवर सगळे करतात. पण पहिल्या पावसात आपल्याकडे दिवे क्षणभर लुकलुकतात. तेवढ्यात ३.३ खाली जाऊन परत येतो आणि कपॅसिटर मात्र भरलेलाच राहतो. चिप नीट रीसेट होत नाही आणि स्पीकरमधून काहीही बाहेर येऊ शकतं. त्या १० किलोओहमवर उलटा १एन४१४८ डायोड टाका. वीज गेली की कपॅसिटर त्याच्यातून लगेच रिकामा होतो. एका रुपयाचा भाग आहे.

आवाज पडला

प्रोग्रॅमर जोडताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. दोन पिनांचे अडॅप्टर आतल्या एका छोट्या कपॅसिटरमुळे तरंगते असतात. त्यांच्या ग्राउंडवर आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला तर १०० व्होल्टच्या आसपास दिसू शकतात. प्रवाह फार थोडा असतो, माणसाला हलकी झिणझिण लागते, पण चिपच्या पिनला तेवढं पुरतं. आरसीए प्लगमध्ये तर मधली पिन आधी टेकते आणि ग्राउंडची बाहेरची कडी नंतर. म्हणून सगळं बंद करूनच केबल लावायची किंवा काढायची. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

सिग्मास्टुडिओत हार्डवेअरच्या पानावर यूएसबीआय (म्हणजे आपला प्रोग्रॅमर), एडीएयू१७०१ आणि ईईप्रॉम ओढून आणा आणि निळ्या-हिरव्या ठिपक्यांनी जोडा. पहिला प्रोग्रॅम अगदी साधा ठेवा: इनपुट, एक व्हॉल्यूम, आउटपुट. "लिंक कंपाइल डाउनलोड" दाबा. आउटपुटला स्पीकर लावू नका, जुने हेडफोन लावा आणि कानाला न लावता लांब धरा. माझ्या बोर्डमधून पहिला आवाज आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बातम्या चालू होत्या. बाबा आतून उठून आले आणि काहीही न बोलता खुर्ची ओढून शेजारी बसले.

हे चाललं की मग क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणं. वूफर आणि ट्वीटरच्या मध्ये २५०० हर्ट्झला चौथ्या क्रमाचा लिंकविट्झ-रायली फिल्टर घ्या. ट्वीटरचा आवाज वूफरच्या आधी कानाशी पोहोचत असेल तर त्याला थोडं थांबवावं लागतं. ४८ किलोहर्ट्झला एका नमुन्याएवढं थांबणं म्हणजे ७.१ मिलिमीटर अंतर. माझ्या खोक्यात फरक ३ सेंटिमीटरचा होता, चार नमुन्यांत तो भागला. कुठलाही भाग वर उचलण्याआधी वाटेत तेवढाच आवाज कमी करा. चिपच्या आत २४ डेसिबलची मोकळी जागा असते, पण डीएसी १.० च्या (पूर्ण पातळीच्या) पुढचं कापून टाकतो आणि ते कापणं कानाला काचेसारखं लागतं.

समाधान झालं की प्रोग्रॅम ईईप्रॉममध्ये लिहा, सेल्फबूटची (वीज मिळताच ईईप्रॉममधून प्रोग्रॅम उचलायला सांगणारी) पिन ३.३ ला बांधा आणि ईईप्रॉमची डब्ल्यूपी पिनही वर बांधून टाका. लिहून झाल्यावर त्याला कुणी हात लावू नये.

अँप्लिफायर आणि ट्वीटर

मी टीपीए३११६ या अँप्लिफायर चिपचे दोन बोर्ड वापरले. तिला २६ व्होल्टच्या वर नेऊ नका. २४ चा म्हणून विकलेला अडॅप्टर भार नसताना किती देतो ते आधी मोजा. अडॅप्टर बीआयएसचा शिक्का असलेलाच घ्या, उघडा ट्रान्सफॉर्मर आणि २३० व्होल्टची वायर घरात पसरून ठेवायची नाही. या चिपच्या स्पीकरचं ऋण टोक ग्राउंड नसतं, दोन्ही टोकं जिवंत असतात. दोन स्पीकरची ऋण टोकं एकत्र बांधलीत तर अँप्लिफायर जातो.

तिचा गेन (सिग्नल किती पट करायचा ते) २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबलवर ठेवता येतो. तयार बोर्ड पुष्कळदा जास्त गेनवर असतात, कारण मोबाइल लावल्यावर ते दणक्यात वाजावेत. आपल्याला २० पुरतो. डीएसपीचे ०.९ व्होल्ट दहापट झाले की ९ व्होल्ट, ८ ओहमच्या स्पीकरला १० वॉट. दहा बाय बाराच्या हॉलला ते भरपूर आहे. ३६ डेसिबल म्हणजे ६३ पट. डीएसपीची सूक्ष्म सुरसुरही ६३ पट होते आणि शांत रात्री ट्वीटरमधून ऐकू येते.

ट्वीटरच्या मालिकेत २२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावाच. डीएसपीनेच क्रॉसओव्हर केला मग हा कशाला, असं वाटेल. प्रोग्रॅम चुकला, बूट अडलं, चुकून वूफरची वायर तिथे लागली, तर ट्वीटरचं केसासारखं कॉइल एका सेकंदात जातं. ८ ओहमला हा कपॅसिटर सुमारे ९०० हर्ट्झच्या खालचं अडवतो. २५०० च्या क्रॉसओव्हरला त्याचा थोडा परिणाम जाणवतो, तो मोजून डीएसपीतच दुरुस्त होतो. अँप्लिफायरची शटडाउन पिन डीएसपी सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी सुटेल अशी व्यवस्था करा, म्हणजे चालू करताना "धप्प" होत नाही.

घरघर आली तर आधी ती कुठून येते ते ओळखा. माझ्याकडे सगळं जोडल्यावर एक जाड, सलग "हं" येत होता. इनपुटची केबल काढली की थांबायचा. बराच वेळ बोर्ड तपासला, मग सेट टॉप बॉक्समधून केबलवाल्याची गोल वायर उपटली आणि "हं" नाहीसा झाला. ती वायर इमारतीत दुसरीकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली होती आणि आपल्या ग्राउंडबरोबर तिचा मोठा फेरा तयार झाला होता. उपाय सोपा आहे: टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून आवाज घ्या. काचेसारख्या धाग्यातून प्रकाश येतो, ग्राउंड येत नाही. ऑप्टिकलचं अ‍ॅनालॉग करणारी छोटी डबी लागते, ती लॅमिंग्टनलाही मिळते. घरघर इनपुट काढल्यावरही राहिली तर ग्राउंडचा बिंदू पुन्हा तपासा. बारीक शीळ येत असेल तर एलएम२५९६ आणि कॉइलकडे बघा.

खोली

मोजण्यासाठी आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा माइक हवा. माइक बाबांच्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला. पहाटे पाचला मोजा. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरच्या शिट्ट्या अजून सुरू व्हायच्या आहेत. आलेखात माझ्या हॉलचे उंचवटे ९६ आणि १११ हर्ट्झला निघाले, कागदावरच्या हिशोबाच्या जवळच. दोन्हीला ५ डेसिबल खाली दाबलं, क्यू (दाबायचा पट्टा किती अरुंद ते) ५ ठेवला. आलेखात ७० च्या आसपास एक खड्डाही होता. तो भरायला जाऊ नका. त्या जागी भिंतीवरून परतलेली लाट मूळ आवाजाला खाते. तुम्ही जितकं वाढवाल तितकंच ती खाईल आणि अँप्लिफायर मात्र थकेल. खुर्ची अर्धा फूट पुढे घेतली, खड्डा निम्मा झाला.

बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून २ ते ४ किलोहर्ट्झच्या मध्ये २ डेसिबलचा हलका चढाव दिला. त्याहून जास्त दिला तर स, श टोचायला लागतात. बाबांना तीन वेगवेगळे प्रोग्रॅम ऐकवले, कोणता कुठला ते सांगितलं नाही. त्यांनी बातम्यांसाठी एक निवडला आणि नाट्यसंगीतासाठी दुसरा. दोन्ही ठेवले आणि समोर एक छोटा स्विच दिला.

डबा वागळे इस्टेटमधल्या एका पत्रेकाम करणाऱ्याकडून कापून घेतला. जॅक डब्याच्या पत्र्याला टेकू नयेत म्हणून प्लास्टिकचे वॉशर वापरले, नाहीतर ग्राउंडचा एकच बिंदू म्हणून केलेली मेहनत तिथे फुकट जाते. आत सिलिका जेलची पुडी ठेवली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर ५.०३, ३.३१, १.७९, सीएम १.५०, प्रवाह १०४ मिलिअँपिअर, आणि मोजल्याची तारीख. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकण उघडून हेच पाच आकडे पुन्हा मोजतो आणि खाली नवी ओळ लिहितो.